आकाशातून पहिली उडी : शरीराची तयारी कशी कराल?

विमानातून पॅराशूट घेऊन उडी मारणे हे पूर्वी फक्त सैन्यातील जवानांचे काम मानले जाई. आता तसे राहिलेले नाही. मुलाकडे परदेशी गेलेले आईवडील, सहलीला गेलेली नवविवाहित जोडपी, महाविद्यालयातील मुलेमुली असे कितीतरी लोक हौसेने ही उडी मारून येतात. आपल्या देशातही अलीकडच्या वर्षांत हरियाणात नारनौल येथे आणि मध्य प्रदेशात उज्जैन येथे सामान्य नागरिकांसाठी अशा उड्या झाल्या आहेत. साहजिकच 'माझ्या तब्येतीला हे झेपेल का?' असा प्रश्न आपल्या गावातूनही विचारला जाऊ लागला आहे. आजच्या लेखात त्याच प्रश्नाचा विचार करू.

टँडम उडी म्हणजे काय?

पहिल्यांदा उडी मारणारा माणूस एकटा उडी मारत नाही. त्याच्या अंगावर पट्ट्यांचा एक मजबूत साज चढवतात. त्याला हार्नेस म्हणतात. हा हार्नेस खांद्यांजवळ दोन आणि कमरेजवळ दोन अशा चार ठिकाणी प्रशिक्षकाच्या हार्नेसला अडकवला जातो. प्रशिक्षक पाठीमागे, आपण पुढे. पॅराशूट प्रशिक्षकाच्या पाठीवर असते आणि ते दोघांचा भार पेलेल एवढे मोठे असते. या पद्धतीला टँडम उडी म्हणतात. १९८० च्या दशकात अमेरिकेत ती रूढ झाली.

विमान साधारण १०,००० ते १५,००० फूट उंचीवर जाते. आपण १३,००० फूट धरून चालू. उडी मारताच प्रशिक्षक ड्रोग नावाचे एक लहान पॅराशूट हवेत सोडतो. दोन माणसांच्या वजनाने वेग फार वाढू नये, तो ताशी २०० किलोमीटरच्या आसपास राहावा, यासाठी ते असते. ४५ ते ५० सेकंदांत आपण ५,००० ते ५,५०० फुटांपर्यंत येतो. ही उंची म्हणजे आपल्या कळसूबाईच्या शिखराएवढी. तेथे मोठे पॅराशूट उघडते आणि पुढची पाचसहा मिनिटे आपण तरंगत खाली येतो.

मोठे पॅराशूट नीट उघडले नाही तर दुसरे, राखीव पॅराशूट असते. प्रशिक्षकाला काही झाले किंवा ठरावीक उंचीपर्यंत वेग कमी झाला नाही, तर राखीव पॅराशूट आपोआप उघडणारे एक छोटे यंत्रही साजात बसवलेले असते. अमेरिकेत २०२३ साली सर्व प्रकारच्या मिळून सुमारे ३६ लाख ५० हजार उड्या झाल्या आणि त्यांत १० जणांचा मृत्यू झाला. म्हणजे धोका शून्य नाही, पण चांगल्या ठिकाणी तो फार थोडा आहे. पॅराशूटची काळजी घेणारे लोक तेथे असतात. आपल्या शरीराची काळजी मात्र आपल्यालाच घ्यावी लागते.

शरीरावर काय परिणाम होतो?

पहिला परिणाम विरळ हवेचा. १३,००० फुटांवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या सुमारे ६० टक्केच असतो. त्यामुळे प्रत्येक श्वासात मिळणारा ऑक्सिजनही त्याच प्रमाणात कमी होतो. अमरनाथची गुहा साधारण याच उंचीवर आहे. यात्रेला जाऊन आलेल्यांना तेथे चार पावले चालले तरी कशी धाप लागते हे ठाऊक आहे. उडीच्या वेळी आपण या उंचीवर काही मिनिटेच असतो आणि चालायचेही नसते. म्हणून निरोगी माणसाला त्रास होत नाही. पण जुनाट दमा, फुप्फुसांचे विकार किंवा तीव्र रक्तक्षय असणाऱ्यांना होऊ शकतो. विदर्भातील आणि नंदुरबारकडील वाचकांनी एक गोष्ट विशेष ध्यानात घ्यावी. सिकलसेलचा आजार असणाऱ्यांनी ही उडी मारू नये. विरळ हवेत त्यांच्या रक्तपेशींचा आकार बिघडून वेदनांचा झटका येऊ शकतो. जे केवळ वाहक आहेत त्यांनीही आधी डॉक्टरांशी बोलावे.

दुसरा परिणाम थंडीचा. दर हजार फुटांना तापमान सुमारे २ अंश सेल्सिअसने उतरते. खाली ३० अंश असेल तर वर ४-५ अंश असते, आणि त्यात ताशी २०० किलोमीटरचा वारा. उन्हाळ्यातसुद्धा पूर्ण बाह्यांचे कपडे घालावेत ते यासाठी.

तिसरा परिणाम कानांचा. तो सर्वांत जास्त लोकांना जाणवतो. कानाच्या पडद्यामागील पोकळी एका नळीने घशाला जोडलेली असते. तिला युस्टेशियन नलिका म्हणतात. वर जाताना पोकळीतील हवा या नळीतून सहज बाहेर पडते. खाली येताना मात्र बाहेरचा दाब झपाट्याने वाढतो आणि नळी दबते. गिळल्याने किंवा जांभई दिल्याने ती उघडते. सर्दीने नळीचे तोंड सुजलेले असेल तर ती उघडत नाही, कानात तीव्र कळ येते आणि प्रसंगी पडदाही फाटतो. म्हणून सर्दी, सायनसचा त्रास किंवा कान वाहत असेल तर उडी पुढे ढकलावी. यात तडजोड नको. पॅराशूट उघडल्यावर नाक चिमटीत धरून, तोंड मिटून, हलकेच हवा फुंकावी. 'टक्' असा आवाज होऊन कान मोकळे होतात. जोर लावू नये.

चौथा परिणाम हृदयावर. विमानाचे दार उघडताच अॅड्रिनलिन नावाचे द्रव्य रक्तात उसळते. नाडी जलद होते, रक्तदाब वाढतो, तोंडाला कोरड पडते, घाम फुटतो. निरोगी हृदय हे सहन करते. पण ज्याला थोडे चढले तरी छातीत दुखते, ज्याला नुकताच हृदयविकाराचा झटका येऊन गेला आहे, ज्याचे ठोके अनियमित पडतात, त्याच्यासाठी हा खेळ नाही. अँजिओप्लास्टी किंवा बायपास होऊन काळ लोटला असेल, तरी हृदयरोगतज्ज्ञाने तपासून लेखी होकार दिल्याशिवाय जाऊ नये.

पाचवा परिणाम हाडांचा आणि सांध्यांचा. पॅराशूट उघडताना खांदे व मान यांना हिसका बसतो. उतरताना पाय वर उचलून, बसल्यासारखे घसरत जमिनीला टेकायचे असते. पाय वेळेवर उचलले नाहीत तर घोटा मुरगळतो किंवा मोडतो. जोरात बसल्यास माकडहाडाला आणि कमरेच्या मणक्याला मार लागतो. ज्यांचा खांदा पूर्वी निखळला असेल त्यांनी प्रशिक्षकाला ते आवर्जून सांगावे, कारण हवेत हात पसरल्यावर वाऱ्याच्या जोराने तो पुन्हा निखळू शकतो.

कोणी उडी मारू नये?

गर्भवती स्त्रियांनी, फिट येणाऱ्यांनी, मणक्याची गादी सरकलेल्यांनी आणि नुकतीच कोणतीही मोठी शस्त्रक्रिया झालेल्यांनी उडी मारू नये. डोळ्याच्या पडद्याची शस्त्रक्रिया करून डोळ्यात वायूचा बुडबुडा सोडला असेल, तर तो विरघळेपर्यंत उंचावर जाणे सक्त मना आहे. उंचावर बुडबुडा फुगतो आणि दृष्टी जाऊ शकते. रक्त पातळ ठेवण्याच्या गोळ्या चालू असणाऱ्यांना साधा मारही महागात पडतो. त्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय नाव नोंदवू नये.

वय कमीत कमी १८ पूर्ण असावे. वरच्या वयाला बहुतेक ठिकाणी बंधन नसते. वजनाला मात्र असते, आणि ते बहुधा १०० किलोच्या आसपास कुठेतरी ठरवलेले असते. ते आधीच फोन करून विचारावे. तेथे काट्यावर उभे करतात, त्यामुळे दोनचार किलो कमी सांगून उपयोग नाही.

आणखी एक गोष्ट. तारकर्ली, गोवा किंवा अंदमानला जाऊन समुद्रात स्कुबा डायव्हिंग केले असेल, तर त्यानंतर किमान २४ तास विमानातून उडी मारू नये. पाण्याखाली रक्तात विरघळलेला नायट्रोजन उंचावर बुडबुड्यांच्या रूपाने बाहेर पडू शकतो. सहलीत दोन्ही गोष्टी करायच्या असतील तर उडी आधी आणि समुद्र नंतर, असा क्रम ठेवावा.

रक्तदाब आणि मधुमेह असणाऱ्यांसाठी

रक्तदाब औषधांनी आटोक्यात असेल आणि डॉक्टरांची संमती असेल, तर अनेकांना उडी मारता येते. त्या दिवशीची गोळी चुकवू नये. 'उगाच चक्कर यायची' म्हणून काही जण सकाळची गोळी घेत नाहीत. अॅटेनोलॉल, मेटोप्रोलॉल अशा गोळ्या एकाएकी बंद केल्यास नाडी आणि रक्तदाब उलट उसळतात. नेमक्या उडीच्या दिवशी असे होणे धोक्याचे. पुरुषांना प्रोस्टेटसाठी देतात त्या काही गोळ्यांनी रक्तदाब उतरतो. हार्नेसमध्ये पाय लोंबकळत असताना रक्त पायांत साचते, त्यामुळे अशा माणसाला घेरी येऊ शकते. गोळ्यांची चिठ्ठी डॉक्टरांना दाखवूनच ठरवावे. पॅराशूटखाली असताना पाय अधूनमधून हलवत राहावेत.

मधुमेहींची अडचण वेगळी आहे. साखर उतरली की धडधड होते, घाम येतो, हात थरथरतात. भीती वाटली तरी हेच होते. विमानात बसल्यावर यातले खरे कोणते, हे रुग्णालाही कळत नाही आणि प्रशिक्षकालाही नाही. म्हणून इन्शुलिन किंवा साखर एकदम उतरवणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांनी विमानात चढण्यापूर्वी ग्लुकोमीटरवर साखर पाहावी, उपाशी राहू नये आणि प्रशिक्षकाला आजाराची कल्पना द्यावी. ज्यांची साखर वारंवार उतरते त्यांनी उडीचा बेत रद्द करावा.

फॉर्मवर खरे लिहा

प्रत्येक ठिकाणी उडीपूर्वी एक फॉर्म भरून घेतात. त्यात आजारांची यादी असते आणि पुढे 'आहे', 'नाही' असे रकाने असतात. या संदर्भात एका निवृत्त शिक्षिकेने विचारलेला प्रश्न येथे देतो, कारण तो अनेकांचा असू शकतो. बाईंचे वय ६१. परदेशी असलेल्या मुलाने त्यांच्यासाठी टँडम उडीचे पैसे भरून ठेवले आहेत. बाईंना रक्तदाबाची एक गोळी चालू आहे. दोन वर्षांपूर्वी न्हाणीघरात पाय घसरून मनगट मोडले होते. त्या विचारतात, "पैसे परत मिळत नाहीत. मुलगा हिरमुसला होईल. फॉर्मवर सगळीकडे 'नाही' लिहिले तर चालेल का?"

बाई, चालणार नाही. तुमच्या रक्तदाबापेक्षा तुमच्या मनगटाची काळजी जास्त आहे. पाळी गेल्यानंतरच्या वयात उभ्याउभ्या पडून हाड मोडणे ही हाडे ठिसूळ झाल्याची खूण असू शकते. हाडांची घनता मोजण्यासाठी डेक्सा नावाची तपासणी असते. ती मोठ्या शहरात होते, दुखत नाही आणि थोड्या वेळात आटोपते. तिच्यातील टी-स्कोअर उणे २.५ किंवा त्याहून खाली असेल तर त्याला ऑस्टिओपोरोसिस म्हणतात. असा कणा उतरतानाच्या धक्क्याने दबू शकतो. मणका एकदा दबला की पाठीला बाक येतो आणि दुखणे वर्षानुवर्षे राहते. त्यापुढे भरलेल्या पैशांची काय किंमत? आधी ही तपासणी करा. अहवाल चांगला आला आणि रक्तदाब ठीक असला, तर डॉक्टरांचे पत्र घेऊन खुशाल जा. हाडे ठिसूळ निघाली तर त्यांच्यावर उपचार सुरू करा. मग मुलाने भरलेले पैसे खरोखरच तुमच्या कामी आले असे म्हणता येईल. आणि मुलाला आजच फोन करून सारे सांगा. त्याला तुमच्या मनगटाचे ठाऊक असेल, पण त्याचा अर्थ ठाऊक नसेल.

फॉर्मवरची माहिती तुम्हाला नापास करण्यासाठी मागत नाहीत. तुमचा गुडघा दुखतो हे कळले तर प्रशिक्षक उतरण्याची पद्धत त्याप्रमाणे ठेवतो. तुम्हाला बस लागते हे कळले तर तो पॅराशूटला गरगर गिरक्या देत नाही. लपवले तर यातले काहीच त्याला करता येत नाही. आपल्या मेडिक्लेमच्या कागदावरही एकदा नजर टाकावी. साहसी खेळांतील इजा पुष्कळ पॉलिसींमध्ये वगळलेली असते.

सहा आठवड्यांची तयारी

उडीसाठी पैलवान असण्याची गरज नाही. तीन गोष्टी जमल्या पाहिजेत.

१. रोज अर्धा तास झपझप चालावे. दोन मजले न थांबता, छातीत न दुखता चढता येत नसतील तर आधी डॉक्टरांकडे जावे.

२. खुर्चीच्या कडेवर बसून, हातांनी मांड्यांना आधार देऊन दोन्ही पाय सरळ समोर उचलावेत आणि दहा सेकंद धरावेत. उतरताना हेच करायचे असते. सुरुवातीला पाय थरथरतील. रोज पाच वेळा केल्यास महिनाभरात जमेल. उत्तानपादासनाचाही यासाठी उपयोग होतो.

३. उडीच्या वेळी शरीराला मागे बाक द्यायचा असतो. कंबर पुढे, डोके मागे, गुडघे वाकवून पावले मागे. भुजंगासन आणि शलभासन करणाऱ्यांना ही ठेवण ओळखीची वाटेल. आसने श्वास न कोंडता करावीत. ज्यांची कंबर दुखते त्यांनी ती शिक्षकाच्या देखरेखीखाली करावीत.

आदला दिवस आणि उडीचा दिवस

आदल्या दिवसापासून दारू पूर्ण वर्ज्य. रात्री नेहमीएवढी झोप घ्यावी. रात्रभर प्रवास करून सकाळी थेट विमानात बसू नये.

सकाळी उपाशी जाणे आणि पोटभर जेवून जाणे, दोन्ही चुकीचे. दीडदोन तास आधी पोहे, उपमा, पोळी-भाजी असे हलके काही खावे. तळलेले पदार्थ टाळावेत. पाणी प्यावे, पण विमानात चढण्यापूर्वी लघवीला जाऊन यावे. भीतीने लघवीची भावना वाढते आणि हार्नेस पोटावर घट्ट असतो. बस लागण्याची गोळी घेऊन गुंगी येत असेल तर ती घेऊ नये.

कपडे सैल पण अंगाबरोबरचे असावेत. ट्रॅक पँट, पूर्ण बाह्यांचा शर्ट आणि नाडी घट्ट बांधलेले बूट हे उत्तम. चपला, सँडल चालत नाहीत. साडी आणि ओढणी नकोत. पुण्याच्या पद्मश्री शीतल महाजन यांनी २०१८ साली थायलंडमध्ये नऊवारी नेसून उडी मारली होती, हे अनेकांना आठवत असेल. पण त्यांच्यामागे शेकडो उड्यांचा अनुभव होता. पहिल्या उडीला तो हट्ट नको. केसांची घट्ट वेणी घालावी. बांगड्या, अंगठ्या, कानातले आणि मंगळसूत्र काढून खाली घरच्या माणसाकडे द्यावे. सैल बसणारी कवळी आणि श्रवणयंत्रही काढून ठेवावे. चष्म्यावरून लावता येईल असा गॉगल मिळतो, तो मागून घ्यावा.

भीतीचे काय करायचे?

भीती वाटणारच. ती वाटत नाही असे सांगणाऱ्यावर फारसा विश्वास ठेवू नये. 'हवेत श्वास कोंडेल' ही सर्वांत सामान्य भीती आहे. प्रत्यक्षात श्वास घेता येतो. वाऱ्याने दचकून लोक स्वतःच श्वास रोखून धरतात, एवढेच. अशा वेळी मोठ्याने ओरडावे. ओरडण्यासाठी श्वास सोडावा लागतो आणि पुढचा श्वास आपोआप आत येतो. जत्रेतल्या पाळण्यात येतो तसा पोटात गोळा येईल, ही दुसरी भीती. विमान आधीच वेगात असल्याने उडी मारताच वाऱ्याचा आधार मिळतो, त्यामुळे बहुतेकांना तसे वाटत नाही.

विमान वर चढायला पंधरावीस मिनिटे लागतात. त्या वेळात नाकाने सावकाश श्वास घ्यावा आणि त्याच्या दुप्पट वेळ लावून सोडावा. दहाबारा वेळा असे केल्यास नाडी खाली येते. प्रशिक्षकाने सांगितलेल्या तीन गोष्टी मनात घोळवाव्यात : दारात शरीराला बाक, खांद्यावर थाप पडली की हात पसरणे, उतरताना पाय वर. दारात विमानाची चौकट पकडू नये. त्याने दोघांनाही धोका होतो.

आणि नको वाटले तर नको म्हणावे. ते घरून निघताना म्हणता येते, हार्नेस चढवताना म्हणता येते आणि विमानात बसल्यावरही म्हणता येते. न उडी मारता विमानातून परत येणारे लोक असतात. मित्रांनी चिडवले म्हणून किंवा घरच्यांनी पैसे भरले म्हणून कोणी दारात जाऊ नये. तसेच घरच्यांनीही कोणाला ढकलू नये.

उडीनंतर

जमिनीवर आल्यावर थोडा वेळ बसावे. अॅड्रिनलिन ओसरले की थकवा येतो, पाय लटपटतात, कधी रडूही येते. हे सारे तासाभरात शमते. लगेच मोटारसायकल चालवत निघू नये. कान दडे बसल्यासारखे वाटत असतील तर चिंगम चघळावे. दुसऱ्या दिवशीही कान दुखत असेल किंवा त्यातून पाणी अथवा रक्त आले, तर कानाच्या डॉक्टरांकडे जावे. कानात तेल घालू नये. कमरेत बसून उठताना कळ येत असेल, पायाला मुंग्या येत असतील किंवा घोटा सुजून पाय टेकवत नसेल, तर मालिश न करता आधी क्ष-किरण फोटो काढावा. छातीत दुखणे, धाप लागणे किंवा शुद्ध हरपणे यांपैकी काहीही झाले तर त्याच मैदानावरून थेट रुग्णालय गाठावे.

थोडक्यात लक्षात ठेवा

* हृदय, फुप्फुसे, मणका, कान किंवा डोळे यांचा आजार असेल तर डॉक्टरांचा लेखी सल्ला घ्यावा.
* पन्नाशीपुढच्या स्त्रियांनी, विशेषतः पूर्वी हाड मोडले असल्यास, हाडांची घनता तपासून घ्यावी.
* सर्दी असेल त्या दिवशी उडी मारू नये.
* नेहमीची औषधे चुकवू नयेत, उपाशी राहू नये, दारू पिऊ नये.
* प्रशिक्षकाचा परवाना, राखीव पॅराशूट केव्हा तपासून घडी केले आहे आणि ते आपोआप उघडणारे यंत्र आहे की नाही, हे निःसंकोच विचारावे. उत्तर देण्यास जेथे टाळाटाळ होते, तेथून परत फिरावे.
* फॉर्मवर आपल्या आजारांची व गोळ्यांची माहिती खरी आणि पूर्ण लिहावी.